माझ्या मुलीची मावशी

मला बहीण नाही. सख्खी नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. तरी माझ्या मुलीला एक मावशी होती. ती मी दिलेली नव्हती, मुलीने परस्पर करून घेतली होती. त्या बाई आणि मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात एकाच फार्मसीत काम करायचो. त्या सीनियर, मी ज्युनियर. मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्यांच्यावर जळायचे. लोक आपल्या मत्सराला दुसरं काहीतरी नाव देतात, काळजी म्हणतात, संस्कार म्हणतात. मीही म्हणून पाहिलं. पण जळणं ते जळणंच.

ताई साठीला टेकलेल्या होत्या. उंच, सडसडीत, पांढरे केस मानेवर कापलेले. मूळच्या मिरजेच्या, पण न्यूझीलंडला येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. गावाबाहेर एका लाकडी घरात एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची इथल्या मराठी बायकांपैकी एकीचीही हिंमत झाली नाही. फोन उचलला की इथल्या माओरी नमस्काराने सुरुवात करायच्या, "किया ओरा, बोल." आणि आपण बोलायला लागलो की मध्येच विचारायच्या, "किती?" काहीही सांगा, त्यांना आकडा लागायचा. मी म्हटलं, डोकं खूप दुखतंय, तर म्हणायच्या, दहापैकी किती? मी म्हटलं, पाहुणे पुष्कळ आले होते, तर म्हणायच्या, पुष्कळ म्हणजे नऊ की नव्वद? अंदाजपंचे काम त्यांना खपायचं नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर लेबल होतं, आणि ते आम्ही औषधांच्या बाटल्यांना लावतो तसं. लिंबाच्या लोणच्यावर लिहिलेलं, 'एक फोड, जेवणाबरोबर. ताप असल्यास दोन.' साखरेवर, 'पाहुण्यांसाठी.' शेंगदाण्याच्या चटणीवर, 'सवय लागण्याची शक्यता.' मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं ही गंमत आहे, म्हणून हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पिठलं वाढलं आणि मी मीठ किती घालता असं विचारल्यावर म्हणाल्या, चौघांना साडेनऊ ग्रॅम. पिठलं उत्तम होतं, हे सांगायला माझ्या जिवावर येतंय.

महिन्यातून एकदा आम्ही ऑकलंडला, सँडरिंगहॅमला वाणसामान आणायला गाडी काढायचो. एकदा त्याही बरोबर आल्या. पर्समधून प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि दुकानात मेथीची जुडी त्याला लटकवली. दुकानदार ओळखीचा होता, त्याने नुसती मान हलवली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, ताई, तो फसवत नाही हो. म्हणाल्या, "फसवतो असं कुठे म्हटलं? हातात काय आहे ते कळायला नको?"

आता मुख्य गोष्ट. ताई शिकार करायच्या. वर्षातून दोनदा रायफल घेऊन एकट्या जंगलात जायच्या आणि एक हरीण आणायच्या. इथे त्यात विशेष काही नाही. आमच्या फार्मसीतली डिलिव्हरी घेणारी गोरी आजीसुद्धा नवऱ्याबरोबर जायची. पण मिरजेच्या ब्राह्मणाच्या घरातली बाई हरीण मारून आणते, ते स्वतः सोलते आणि कांदा-लसूण मसाल्यात शिजवते, याचं आमच्या मंडळात काय झालं असेल याची कल्पना करा. त्यात त्यांचा आणखी एक नियम होता. स्वतः मारलं तेवढंच खायचं. दुकानातल्या मटणाला, चिकनला हात लावायचा नाही. फ्रीजरमधलं हरीण संपलं की पुढच्या शिकारीपर्यंत वरणभात. त्यामुळे शाकाहारी म्हणायचे, बाटली. मांसाहारी म्हणायचे, शिष्ट आहे. दोघांचं एकमत झालेली इथली ती एकमेव गोष्ट.

एका संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. सगळ्या जणी नटूनथटून गेलो. तिळगूळ झाला, कुंकू झालं, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एक नारिंगी शिट्टी. डोंगरात हरवलात तर तीनदा वाजवायची, ओरडून दमायचं नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. परतताना गाडीत आम्ही पोट धरधरून हसलो. आमच्यातली एक म्हणाली, डोंगर राहू दे, मला नवऱ्याला सोफ्यावरून उठवायला उपयोगी पडेल. मी सर्वांत जास्त हसले. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. ती हसली नाही.

आम्ही २०११ साली पुण्याहून आलो तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. नवरा दूध पावडरीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मी परीक्षा देऊन फार्मसीत लागले. पोरीने वर्षभरात मराठी टाकली. समजायचं सगळं, पण मी मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची. भूक लागली का? नॉट रिअली. शाळेत काय झालं? नथिंग. तेरा-चौदाची झाली तेव्हा तेवढंही बोलेना. दार लावून बसायची. मी बाहेरून दाराला कान लावायचे, काही ऐकू यायचं नाही.

एका शनिवारी मला अचानक कामावर जावं लागलं आणि नवरा बाहेरगावी, म्हणून मी तिला ताईंकडे सोडलं. संध्याकाळी आणायला गेले तर दोघी मागच्या अंगणात बसून डोंगरावर चालायच्या बुटांना मेण लावत होत्या. आणि माझी मुलगी मराठीत बोलत होती. मोडकंतोडकं, पण मराठी. "मावशी, हे असं घासायचं का अजून?" मी कुंपणापाशी थांबले. आनंद झाला म्हणाल, तर नाही झाला. पहिलं जे मनात आलं ते असं की मी चार वर्षं जीव तोडला, गोष्टी सांगितल्या, रागावले, लालूच दाखवली, आणि ही बाई एका दुपारी बुटांना मेण लावता लावता घेऊन गेली. आयत्या बिळावर नागोबा.

मग ती दर शनिवारी जायला लागली. आधी नुसतं चालायला, मग तंबू घेऊन, मग शिकारीला. बंदूक नाही, नुसती बरोबर. सोमवारी फार्मसीत ताई मला सांगायच्या, परवा सोळा किलोमीटर चालली, एकदाही कुरकुरली नाही. माझ्याच मुलीचा रिपोर्ट मला. मी 'हो का' म्हणायचे आणि गोळ्यांची मोजणी चुकायचे. आमच्यात म्हणतात ना, माय मरो पण मावशी जगो. ही म्हण कुणी केली त्याला माझ्यासमोर उभा करा. घरी आल्यावर पोरगी मराठीत बोलेल म्हणून मी वाट बघायचे. घरी आली की परत नॉट रिअली आणि नथिंग. मराठी तिने त्या घरी ठेवली होती.

सोळा पुरी झाल्यावर तिने बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज केला. मी आकांत केला, नवरा म्हणाला इथे हे सायकलीसारखं आहे, आपण नाही म्हटलं तरी ती जाणारच, निदान रीतसर जाऊ दे. परीक्षा झाली. मग पोलिसांकडून एक म्हातारे गृहस्थ घरी आले, चौकशीला. त्यांच्या फॉर्मवर घरच्यांचं मत लागतं आणि बाहेरच्या एका माणसाचं, जो तुम्हाला चांगला ओळखतो. त्या रकान्यात तिने ताईंचं नाव लिहिलेलं मी उलटं वाचलं. गृहस्थांनी मला विचारलं, हिच्या हातात बंदूक असली तर तुम्हाला चालेल का? मी फक्त नाही म्हणायचा अवकाश होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. पाच-सहा महिन्यांत तिने माझ्याकडे इतकं सरळ बघितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

लायसन्स आलं आणि त्याच आठवड्यात कळलं की ताई तिला स्वतःची जुनी रायफल देणार आहेत. हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मराठी त्यांची, शनिवार त्यांचे, आता हातात बंदूकही त्यांची? मी नवऱ्याला म्हटलं, दसऱ्याला तिला नवी कोरी रायफल घ्यायची. स्कोपसकट, म्हणजे वरच्या दुर्बिणीसकट. आपली. नवरा माझ्याकडे बघत राहिला. वर्षभर मीच बंदुकीच्या नावाने खडे फोडत होते. मग त्याने त्याच्या स्वभावाप्रमाणे लॅपटॉप उघडला आणि एक्सेल केली. वीस रायफली, तीस स्कोप, सगळ्यात चांगल्या ओळीला पिवळा रंग.

एक्सेल घेऊन बंदुकांच्या दुकानात गेले तर दुकानदाराने पहिल्यांदा लायसन्स मागितलं. ते माझ्याकडे नव्हतं, नवऱ्याकडे नव्हतं. पैसे देऊ शकाल, म्हणाला, पण रायफल लायसन्स असलेल्याच्या हातात देणार. मुलीला आणलं तर सरप्राइज गेलं. म्हणजे मला ताईंकडेच जावं लागणार होतं. दोन दिवस मी रागाने धुमसत होते. तिसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. ताईंनी घास खाली ठेवला. त्यांची जुनी रायफल त्यांनी मुलीसाठी साफ करून ठेवली होती, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी दहाला. लांब बाह्यांचा शर्ट घाल."

शर्ट का, ते दुकानात कळलं, माप डोंगरातल्या कपड्यांसारखं बाहीवरूनच घ्यायचं होतं. ताईंनी पर्समधून टेप काढली आणि माझं कोपर वाकवून, कोपराच्या आतल्या बाजूपासून बोटापर्यंत माप घेतलं. मग खांदा, मग मान. मी म्हटलं, बंदूक मला नाही घ्यायची. त्या म्हणाल्या, माहीत आहे, पण तिला आणता येत नाही आणि तिचं माप ते तुझं माप. हात तुझा आहे तिचा, खांदा तुझा, मानसुद्धा तू तिरकी करतेस तशीच तिरकी करते. हे त्यांनी टेप गुंडाळता गुंडाळता, अगदी कोरडेपणाने सांगितलं. इतक्या वर्षांत माझी मुलगी माझ्यासारखी आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. सगळे म्हणायचे वडिलांवर गेली.

मग दोन तास मला उभं केलं. डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, आता उघड. दिसतंय का स्कोपमधून सगळं? मान हलवावी लागली? मग नको, दस्ता लांब आहे. दुसरी. ही धरून उभी राहा, मी साठ मोजते. हात थरथरला, नको, नळी जड आहे. तिसरी, चौथी. हुकाचा काटा निघाला, प्रत्येक रायफल पट्ट्यासकट लटकवली गेली. दुकानदार सुरुवातीला हसत होता, नंतर स्वतःच आकडे लिहून घ्यायला लागला. शेवटी एक साधी, हलकी, खांद्याला धक्का कमी देणारी रायफल ठरली. ती मी डोळे मिटून लावली आणि उघडले तर समोर सगळं जिथल्या तिथे होतं. मला ती आवडली, कबूल करते.

भांडण झालं ते स्कोपवरून. ताईंनी काढला तो बोटभर, साधा, तीनपट ते नऊपट दाखवणारा. आमच्या पिवळ्या ओळीतला होता सहापट ते चोवीसपट. लांबलचक, काळाभोर, बघत राहावं असा. ताईंचा स्वतःचा स्कोप चारपट, तोही ओरखडे पडलेला, म्हणून माझ्या मुलीचा चोवीसच हवा होता. आकडा मोठा तो माल चांगला, हे आमच्या घराण्याचं गणित आहे. मार्क असोत, साडीचे काठ असोत, फोनचा कॅमेरा असो. ताई म्हणाल्या, आपल्या जंगलात हरीण वीस पावलांवर उभं असतं, चोवीसपट करून काय त्याच्या पिसवा मोजायच्यात? छोटा घ्यायचा. दुकानदारही त्यांच्याच बाजूने. ठरलं. रायफल आणि छोटा स्कोप दसऱ्यापर्यंत दुकानातच ठेवायचा, त्या दिवशी सकाळी ताई घेऊन येणार.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकटी दुकानात गेले. स्कोपला लायसन्स लागत नाही. मी छोटा परत केला, मोठा घेतला आणि रायफलीवर तोच बसवायला सांगितलं. दुकानदाराने विचारलं, नक्की ना? मी इथल्यांसारखं ठसक्यात म्हटलं, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझं उलथनं पूजेला मांडून ठेवलं होतं. ताई आल्या, टेबलावर लांब पेटी ठेवली. त्यांनी दुकानात बघितलं असणारच, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मुलीने पेटी उघडली. किंचाळली आणि सरळ येऊन माझ्या गळ्यात पडली. माझ्या. मला ती किती उंच झालीय ते तेव्हा कळलं. मी डोळे उघडले तर ताई आमच्याकडे बघत होत्या, आणि जे बोलायला आल्या होत्या ते त्यांनी गिळलं, हे मला स्वच्छ दिसलं.

मग मुलीने स्कोपवर हात फिरवला आणि त्यांच्याकडे वळली. "मावशी, तू निवडलास ना हा?" ताई म्हणाल्या, तुझ्या आईनेच आणलंय सगळं. पोरगी हसली, "आईला स्कोप म्हणजे काय माहीत आहे का!" झालं. माझी मिठी दहा सेकंदांची, आणि माझा स्कोप त्यांच्या नावावर. मी सांगू शकत होते. पण मला इतका राग आला की मी आत जाऊन पुऱ्या तळायला घेतल्या. रायफलीच्या पूजेला मी कुंकू आणेपर्यंत ताईंनी स्कोपच्या काचेवर टोपण घालून ठेवलं होतं.

पुढचा महिनाभर त्या तिला रेंजवर घेऊन गेल्या, निशाण बसवून दिलं, आणि मला म्हणाल्या, हिला मी मोकळ्या उतारांवर नेईन, लांबून मारायला, तिथे हा चालेल. मी म्हटलं, चालेलच. नोव्हेंबरात दोघी गेल्या.

पुढचं मला मुलीकडून कळलं, आणि तेही एकदाच. उतारावर पोचायच्या आधीच, झाडीतच, वीस पावलांवर एक मादी आडवी उभी राहिली. मुलीने नुसत्या डोळ्यांनी नीट बघितलं, रायफल खांद्याला लावली, आणि स्कोपमध्ये नुसते तपकिरी केस. पाय कुठे, खांदा कुठे, काही कळेना. मादी हलायला लागली. तिने अंदाजाने चाप ओढला. गोळी पोटात लागली. जखमी हरीण पळालं आणि या दोघी चार तास रक्ताच्या थेंबांमागे चालत राहिल्या. ओढ्यात सापडलं तेव्हा ते जिवंत होतं. शेवटची गोळी ताईंनी घातली.

रविवारी दुपारी ताई तिला घेऊन आल्या. मी चहा टाकला. मुलगी टेबलापाशी बसली, बुटांवर सगळीकडे चिखल. आणि एकदम ताईंवर उलटली. निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. "तू सगळं मोजतेस ना, मावशी? मीठ मोजतेस. मग हा स्कोप का दिलास मला? तुला माहीत होतं ना झाडीत काही दिसणार नाही?"

मी गाळणं हातात धरून उभी होते. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाकडे बघत म्हणाल्या, "माहीत होतं. चुकलं माझं."

आमच्या फार्मसीत पद्धत आहे. औषध खिडकीतून बाहेर जायच्या आधी त्यावर दोन सह्या लागतात, एक भरणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. चूक भरणाऱ्याची असली तरी जाब तपासणाऱ्याला विचारतात, कारण शेवटचा हात त्याचा. त्या दिवशी पेटी त्यांनी आणली होती, म्हणून त्यांनी सही केली असं मी स्वतःला सांगितलं. पण ते काही खरं नव्हतं. मी मूग गिळून बसले कारण माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईवर चिडली होती, आणि मला बरं वाटत होतं. पोरगी रडत होती आणि मला बरं वाटत होतं. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

रायफल कपाटात गेली आणि शनिवार मला परत मिळाले. मुलगी त्यांच्याकडे जाईना, फोन घेईना. मी तिला घेऊन सँडरिंगहॅमला जायचे, भेळ खायचो, कपडे घ्यायचो. ती यायची. खिडकीबाहेर बघत बसायची. विचारलं की 'फाइन' म्हणायची. डोंगर चढून लाल झालेले गाल गेले, मराठी तर गेलीच. मला दिसत होतं सगळं. मी दिसत नाही असं वागत होते. ताई कामावर पूर्वीसारख्याच होत्या. ते हरीण त्यांनी वाया घालवलं नाही, एकट्या खात होत्या. एका दुपारी डबा उघडून म्हणाल्या, आज संपलं, पाच महिने पुरलं. त्यांनी मुलीबद्दल कधी विचारलं नाही. फक्त सोमवारी सकाळी माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघायच्या.

असं सव्वा वर्ष गेलं. २०१९च्या सुरुवातीला ताई रिटायर झाल्या. साउथ आयलंडला, पार खाली, घर घेतलंय म्हणाल्या. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी मागच्या खोलीत मुदत संपलेली औषधं बाजूला काढत होतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, ताई, त्या दिवशी तुम्ही का घेतलंत अंगावर? एका शब्दाने सांगितलं असतंत तर.

त्यांनी हातातली खोकी मोजून संपवली. मग म्हणाल्या, "तुझ्यावर चिडली असती तर बॅग भरून माझ्याकडे आली असती. आणि मी तिला परत पाठवलं नसतं."

त्यांनी पुढचा खण ओढला.

घरी येऊन मी चप्पलसुद्धा काढली नाही. मुलगी स्वयंपाकघरात टोस्ट करत होती. मी तिला सगळं सांगितलं. छोटा स्कोप, सोमवारची सुट्टी, गाळणं, बरं वाटलं तेसुद्धा. ती ऐकत होती. टोस्ट वर आला, तिने घेतला नाही. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "म्हणजे सव्वा वर्ष तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तिने खोलीत जाऊन बॅग भरली, कपाटातून रायफल काढली, तिच्या गाडीच्या किल्ल्या घेतल्या. मी अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं.

तीन दिवस फोन नाही. नवरा म्हणाला, येईल. मला माहीत होतं की येणार नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, मी परत पाठवणार नाही, आणि ती बाई आकड्यात आणि शब्दात कधी चुकत नव्हती. मी मुलीच्या पलंगावर बसून हिशेब केला की आता दिवाळीला येईल, मग एक दिवाळी येईल आणि येणार नाही.

चौथ्या दिवशी, ऊन असतानाच, ताईंची यूट, मागे सामानाचा हौदा असलेली गाडी, दारात थांबली. मागून मुलीची गाडी. मुलगी बॅग आणि पेटी घेऊन माझ्या बाजूने आत गेली, माझ्याकडे न बघता. दार आपटलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. रायफलीवर छोटा स्कोप होता, हे नंतर पेटी उघडी दिसली तेव्हा कळलं. ताई उतरल्या नाहीत. मी खिडकीपाशी गेले. त्यांनी काच खाली केली, इंजिन चालूच ठेवलं.

"खोली आवरून ठेवली होती तिच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तीन दिवस ठेवून घेतली. जास्त ठेवली असती तर मग पाठवता आली नसती. तिला महिनाभर तरी बोलायला लावू नकोस." आणि काच वर केली.

त्या आठवड्यात त्या दक्षिणेला गेल्या. मुलगी महिना नाही, पाच आठवडे बोलली नाही. मग हळूहळू बोलायला लागली. आता तिचं तिकडे जाणं-येणं आहे आणि विमानाचं तिकीट मी काढून देते. लोकांना वाटतं माझा मत्सर गेला. गेलेला नाही, फक्त त्याचं कारण बदललंय. त्यांना मुलगी असती आणि ती अशी बॅग भरून माझ्या दारात आली असती, तर मी तिला परत पाठवली नसती. तीन दिवसांनी नाही, कधीच नाही. हे मला पक्कं माहीत आहे, आणि म्हणून मी त्या बाईवर अजून जळते.